एपेक्स लोकेटरचं रीडिंग उड्या मारतंय? मशीन दुरुस्तीला पाठवण्याआधी क्रमाने काय तपासायचं

लक्षणं

एपेक्स लोकेटर म्हणजे रूट कॅनाल करताना मुळाच्या टोकापर्यंतची (एपेक्सपर्यंतची) लांबी विजेच्या मदतीने ठरवणारं मशीन. ते बिघडलं म्हणून जे सहकारी मला विचारतात, त्यांच्या तक्रारी फिरून फिरून याच असतात:

- फाइल (कॅनालमध्ये घालायची बारीक धातूची सुई) कॅनालच्या (मुळातल्या नळीच्या) तोंडाशी नेताच स्क्रीनवरच्या पट्ट्या थेट 'एपेक्स'वर जातात आणि बीप सलग वाजू लागतो.
- पट्ट्या पुढेमागे नाचत राहतात, एका जागी थांबत नाहीत.
- फाइल कितीही आत नेली तरी पट्टी हलत नाही.
- अर्ध्यापर्यंत सगळं सुरळीत, मग एकदम उडी आणि सरळ 'ओव्हर' (टोकाच्या पलीकडे).
- वायरला धक्का लागला की रीडिंग बदलतं.
- रीडिंग अगदी स्थिर आहे, पण एक्स-रेशी जुळत नाही.

तपासणीला हात घालण्याआधी यातलं आपलं लक्षण कोणतं, हे नेमकं ठरवा. 'थेट एपेक्स' म्हणजे विजेला भलतीच जवळची वाट सापडली आहे. 'हलतच नाही' म्हणजे वाट कुठेतरी तुटली आहे. 'नाचतंय' म्हणजे वाट क्षणात जोडली जातेय, क्षणात तुटतेय. शेवटचं लक्षण या तिन्हींपेक्षा वेगळं आहे. तिथे बहुधा मशीनही बरोबर असतं आणि एक्स-रेही, फक्त दोघं दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतात. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

माझा आजवरचा अनुभव असा की बिघडलं म्हणून समोर आलेल्या मशीनपैकी बहुतेक शाबूत असतात. दोष तोंडात असतो नाहीतर वायरमध्ये. म्हणून खालचा क्रम फुकटातल्या तपासणीपासून सुरू होतो आणि वेळखाऊ, खर्चिक तपासणीपर्यंत जातो. मधली पायरी गाळू नका.

मशीन नेमकं काय मोजतं

हे दोन मिनिटांत वाचून होईल, आणि पुढची प्रत्येक तपासणी का करायची ते त्यावरूनच कळेल.

१९४२ मध्ये जपानमध्ये सुझुकी यांनी कुत्र्यांच्या दातांवर काम करताना पाहिलं, की कॅनालमधलं उपकरण आणि तोंडातलं ओलं अस्तर यांच्यामधला विद्युतरोध जवळपास ठरलेला असतो. सुनादा यांनी १९६२ मध्ये त्याच आधारावर पेशंटच्या दातांची लांबी मोजून दाखवली. तो रोध सुमारे ६.५ किलोओहम. त्या काळच्या यंत्रांची अडचण अशी, की कॅनालमध्ये रक्त किंवा हायपोक्लोराइट (कॅनाल धुण्याचं द्रव) असलं की रीडिंग कोलमडायचं. कॅनाल कोरडा करून मोजा, हा सल्ला तेव्हापासूनचा आहे. आजच्या मशीनला तो लागू नाही, तरी अजून तो सर्रास पाळला जातो.

मोठा बदल झाला दोन फ्रिक्वेन्सींच्या पद्धतीमुळे. कोबायाशी आणि सुदा यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत ८ किलोहर्ट्झ आणि ०.४ किलोहर्ट्झ अशा दोन फ्रिक्वेन्सींवर इम्पिडन्स (बदलत्या विजेला होणारा रोध) मोजतात आणि त्यांचं गुणोत्तर काढतात. रूट झेडएक्स हा एपेक्स लोकेटर याच तत्त्वावर चालतो. कॅनालमध्ये कोणतं द्रव आहे यावर दोन्ही इम्पिडन्स बदलतात खरे, पण बरोबरीने बदलतात, त्यामुळे गुणोत्तर फारसं ढळत नाही. फाइल एपिकल कन्स्ट्रिक्शनजवळ (कॅनालच्या टोकाशी असलेल्या सगळ्यात अरुंद जागेजवळ) पोचली की मात्र ते झपाट्याने घसरतं. तीच खूण मशीन पकडतं. पुढे आलेल्या इतर कंपन्यांच्या मशीनमध्ये गणिताची पद्धत थोडी वेगळी असते, पण एकाहून अधिक फ्रिक्वेन्सी वापरणं सगळीकडे आहेच.

थोडक्यात, मशीनला लांबी दिसत नाही. फाइलच्या टोकातून निघालेली वीज फोरामेनमधून (कॅनालच्या टोकाच्या छिद्रातून) पेरिओडॉन्टल लिगामेंटमध्ये (मूळ आणि हाड यांच्यामधल्या पडद्यात) गेली आणि तिथून ओठावरच्या क्लिपला मिळाली, एवढं ते धरून चालतं. विजेने दुसरी वाट धरली, तर मशीन त्या वाटेचं रीडिंग इमानदारीने दाखवतं. आपलं काम ती दुसरी वाट शोधून बंद करणं.

सगळ्यात आधी पेशंटची हिस्टरी

पेशंटला पेसमेकर किंवा छातीत बसवलेला डिफिब्रिलेटर असेल तर पुढचं काहीही करू नका. बहुतेक मशीनच्या माहितीपुस्तिकेत याबद्दल स्पष्ट इशारा असतो. नव्या पेसमेकरना चांगलं संरक्षण असतं हे खरं, पण तो निर्णय आपला नाही, पेशंटच्या हृदयरोगतज्ज्ञाचा आहे. त्यांच्याशी बोलणं होईपर्यंत एक्स-रेवर काम करा.

दोन क्लिप एकमेकींना लावून पाहा

फाइल बाजूला ठेवा. मशीन सुरू करून फाइल क्लिपचा (फाइलला अडकवायच्या क्लिपचा) धातूचा आकडा लिप क्लिपला (ओठावरच्या क्लिपला) टेकवा. सगळ्या पट्ट्या पेटायला हव्यात किंवा शॉर्ट झाल्याची खूण यायला हवी. तुमच्या मॉडेलमध्ये नेमकं काय दिसतं ते पुस्तिकेत दिलेलं असतं. दोन्ही क्लिप वेगळ्या केल्यावर स्क्रीन पुन्हा रिकामी झाली पाहिजे.

या छोट्या चाचणीने कामाचे दोन तुकडे पडतात. चाचणी पास झाली तर मशीन, वायर आणि क्लिप एकमेकांशी जोडलेल्या आहेत, म्हणजे दोष बहुधा तोंडात आहे. नापास झाली तर पेशंटच्या दाताशी झटापट करण्यात अर्थ नाही, आधी वायर बघा. ही चाचणी रोज पहिला पेशंट घेण्याआधी करावी असं मी आग्रहाने सांगते. पेशंट ॲनेस्थेशिया देऊन खुर्चीत बसलेला असताना वायर तुटल्याचं कळणं कोणालाच परवडत नाही.

क्लिप टेकवलेल्या असतानाच वायर दोन्ही टोकांना हलकीशी वाकवून बघा. पट्ट्या लुकलुकल्या तर दोष सापडला. आणि क्लिप कुठेच टेकलेल्या नसताना पट्ट्या दिसत असतील, तर प्लगमध्ये किंवा मशीनच्या आत ओल गेली आहे. मशीन बंद करा आणि थेट सर्व्हिस सेंटरचा विचार करा.

बॅटरी

बॅटरी उतरलेली असली की काही मशीन मध्येच बंद पडतात, काहींची स्क्रीन फिकी होते. साधे सेल असतील तर सगळे एकदम बदला, जुने-नवे मिसळू नका. रिचार्जेबल असेल तर पूर्ण चार्ज करून पाहा. चार्जरला लावलेलं मशीन पेशंटला जोडू नका. बहुतेक कंपन्यांनी त्याला मनाई केलेली असते, आणि ती सुरक्षेसाठी आहे.

क्लिप, आकडा आणि वायर

क्लिपच्या चाचणीत नापास झालेल्या मशीनचा दोष बहुतेक वेळा इथेच सापडतो. फाइल क्लिपचा आकडा रोज हायपोक्लोराइटमध्ये भिजतो, वर ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करण्याच्या यंत्रात) तापतो. काही महिन्यांत धातूवर काळपट थर चढतो. डोळ्यांना तो किरकोळ वाटतो, पण मशीन अतिशय सूक्ष्म प्रवाहावर चालतं, तेवढ्याला हा थर पुरेसा अडथळा आहे. आकडा अल्कोहोलने पुसून घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर नवा लावा. खरवडून चकचकीत करू नका. वरचा मुलामा गेला की गंज आणखी वेगाने लागतो.

लिप क्लिपचंही तेच. तिच्यावर सिमेंटचा किंवा इम्प्रेशन मटेरियलचा पातळ थर राहिला असेल तर तिचा ओठाशी नावापुरताच संबंध येतो.

वायर मधोमध क्वचित तुटते. ती तुटते प्लगजवळ आणि क्लिपजवळ, कारण गुंडाळताना तिथेच घट्ट वळण पडतं. घरात मल्टिमीटर असेल तर वायर मशीनमधून काढून कंटिन्युइटीवर तपासा: एक टोक प्लगच्या पिनला, दुसरं क्लिपच्या टोकाला, आणि तपासताना वायर हलवत राहा. बीप मध्येच तुटला तर वायर बदला. सोल्डर करून भागवू नका. जोड ओलसर वातावरणात टिकत नाही, आणि अधूनमधून चालणारी वायर पूर्ण तुटलेल्या वायरपेक्षा जास्त त्रास देते. पूर्ण तुटलेली निदान लगेच कळते.

बहुतेक मॉडेलमध्ये लिप क्लिप आणि फाइल क्लिप ऑटोक्लेव्ह करता येतात, पण लांब वायर नाही. सगळं एकत्र पाऊचमध्ये घालण्याची सवय असेल तर आधी पुस्तिका बघा.

लिप क्लिप बसली आहे का

क्लिप ओठाच्या कोपऱ्यात, आतल्या ओल्या अस्तराला टेकून हवी. पेशंट बराच वेळ तोंड उघडून बसला, सक्शन चालू आहे, ओठ कोरडा पडला, की संपर्क सैल होतो आणि पट्ट्या नाचू लागतात. ओठाला आतून सलाइनचा बोळा लावला की कित्येकदा तक्रार तिथेच संपते. रबर डॅम (दात वेगळा ठेवणारा रबराचा पडदा) लावताना क्लिप डॅमच्या वर राहिली नाही ना, तेही बघा. ती डॅमच्या खाली, अस्तराला लागून असायला हवी. शिवाय ती कोणत्याही धातूच्या फिलिंगला किंवा डॅम धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पला टेकू देऊ नका.

फाइल कुठे पकडली आहे

आकडा फाइलच्या धातूच्या दांड्यावर, हँडल आणि स्टॉपर (लांबीची खूण धरणारी रबराची चकती) यांच्या मध्ये हवा. प्लॅस्टिकच्या हँडलवर अडकवला तर वीज जातच नाही. धार असलेल्या भागावर अडकवला तर पकड नीट बसत नाही आणि आकडाही झिजतो. दाढेत मागे जागा कमी असते, त्यामुळे २१ मिमीच्या फाइलवर आकडा लावायला दांडा उरतच नाही. तिथे २५ मिमीची फाइल घ्या. दांडा ओला असेल तर पुसून घ्या, नाहीतर त्यावरून ओघळणारं द्रव विजेला वाट करून देतं.

पल्प चेंबर: खरा घोटाळा इथे

क्लिपची चाचणी पास आणि तरी 'थेट एपेक्स', असं असेल तर दहात नऊ वेळा उत्तर इथेच मिळतं, म्हणून इथे घाई करू नका.

चेंबर, म्हणजे दाताच्या वरच्या भागातली पल्पची पोकळी, हायपोक्लोराइटने काठोकाठ भरलेला असतो. फाइल त्या द्रवात बुडाली की वीज कॅनालच्या अरुंद वाटेने खाली कशाला जाईल? वर तिला रुंद, सोपी वाट मिळालेली असते: द्रवातून दुसऱ्या कॅनालमध्ये, भिंतीच्या फटीतून हिरडीकडे, नाहीतर धातूच्या क्राउनमधून थेट हिरडीला. गळक्या पाइपचा नळ कितीही बदलला तरी पाणी आधी गळतीतूनच जाणार, तसंच हे आहे.

उपाय एका ओळीचा: चेंबर कोरडा, कॅनाल ओला. चेंबरचा तळ कापसाच्या छोट्या बोळ्याने टिपून घ्या, प्रत्येक कॅनालचं तोंड स्वच्छ दिसलं पाहिजे. कॅनालमधलं द्रव मात्र तसंच राहू द्या. हवेची सिरिंज थेट कॅनालवर मारू नका. त्याने कॅनालही सुकतो, आणि दाबाची हवा फोरामेनपलीकडच्या ऊतींत जाण्याचा धोका असतो. बहुमुळी दातात एका कॅनालमध्ये फाइल असताना बाकीच्या कॅनालमध्ये फाइल ठेवू नका. दोन फाइल एकमेकींना टेकल्या की रीडिंगला काही अर्थ उरत नाही.

रक्त असेल तर आधी ते थांबवा. जिवंत पल्पचा उरलेला भाग काढा, धुवा, थोडा वेळ द्या. कॅनालच्या आत थोडं रक्त असलं तर आजचं मशीन सांभाळून घेतं. पण रक्त चेंबर भरून वर हिरडीला मिळत असेल तर तीच नवी वाट होते.

धातू

जुनं अमॅल्गम (चांदीचं फिलिंग), धातूचं क्राउन, पोस्ट (मुळात बसवलेला खुंट), डॅमचा क्लॅम्प: फाइल यांतल्या कशालाही टेकली की वीज धातूतून हिरडीकडे पळते. खूण सोपी आहे. फाइल एका बाजूला झुकली की पट्ट्या उडतात, सरळ केली की खाली येतात. क्राउनमधून काम करत असाल तर ॲक्सेस (आत जायचं छिद्र) पुरेसा मोठा करा, म्हणजे फाइल कडांना न लागता उतरेल. तरीही टेकत असेल तर आतल्या धातूच्या कडेवर कंपोझिटचा पातळ थर द्या. अमॅल्गम असेल तर मी शक्यतो ते आधी पूर्ण काढते. नाहीतरी खालची कीड बघायला ते काढावं लागतंच, आणि त्याचे कण कॅनालमध्ये पडण्याची भीतीही टळते.

भिंत फुटलेला दात

कीड हिरडीच्या खाली गेली असेल तर दाताची एक भिंतच नसते. तोंडातली लाळ आत येते, आतलं द्रव बाहेर जातं. अशा दातात कितीही टिपलं तरी अर्ध्या मिनिटात पुन्हा ओल येते आणि पट्ट्या पुन्हा नाचू लागतात. इथे एकच खात्रीचा इलाज आहे: कॅनालचं काम सुरू करण्याआधी ग्लास आयोनोमरने किंवा कंपोझिटने ती भिंत उभी करा. कॅनालची तोंडं झाकली जाऊ नयेत म्हणून त्यात कापूस ठेवायला विसरू नका.

यात वेळ जातो, म्हणून ही पायरी हमखास गाळली जाते. पण या भिंतीमुळे रीडिंग सुधारतं, रबर डॅम नीट बसतो, हायपोक्लोराइट हिरडीवर जात नाही, आणि दोन भेटींच्या मधलं तात्पुरतं फिलिंग गळत नाही. अशा दाताला भिंत न उभारता मशीनला दोष देणं अन्यायाचं आहे.

पट्टी हलतच नसेल तर

क्लिपची चाचणी पास आहे आणि फाइल आत गेली तरी पट्टी मेलेली, तर कॅनालमध्ये विजेला वाट नाही. कारणं ओळीने बघा.

कॅनाल पूर्ण कोरडा आहे का? सलाइन किंवा हायपोक्लोराइटचे दोन थेंब सोडा. नेहमीच्या केसमध्ये एवढंच पुरतं.

रीट्रीटमेंट आहे का, म्हणजे आधी भरलेला कॅनाल पुन्हा उघडताय का? गटापर्चा (कॅनाल भरायचा रबरासारखा पदार्थ) विजेला अडवतो. फाइल त्याच्या पलीकडे निघेपर्यंत रीडिंग येणार नाही, आणि त्यात काही चूक नाही. गटापर्चा विरघळवायला वापरलेलं सॉल्व्हंटही वीज वाहून नेत नाही, म्हणून मोजण्याआधी भरपूर हायपोक्लोराइटने धुऊन काढा. आधीच्या भेटीत औषध म्हणून भरलेल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडचंही तसंच. ते पुरतं निघाल्याशिवाय रीडिंगवर भरवसा ठेवू नका.

कॅनाल कॅल्सिफाइड (चुन्याने बुजलेला) आहे किंवा लेज (भिंतीत फाइलने पडलेली पायरी) झाली आहे का? फाइलचं टोक डेंटिनवर अडलं असेल तर मशीन तरी काय दाखवणार? इथे जोर लावू नका. ८ किंवा १० नंबरची के-फाइल टोकाला किंचित वाकवून हळुवार वाट शोधा. मिळाली नाही तर पुढचा, कधी थांबायचं हा भाग वाचा.

फाइलचा आकार आणि वरचा भाग रुंद करणं

रुंद कॅनालमध्ये १० नंबरची फाइल सैल हलते आणि रीडिंग डळमळीत येतं. टोकाला जेमतेम घट्ट बसेल अशी फाइल घ्या. कॅनालचा वरचा तिसरा भाग आधी रुंद केला तर फाइलचं टोक खालपर्यंत नीट पोचतं आणि रीडिंग जास्त भरवशाचं येतं. यात आणखी एक फायदा आहे. वाकड्या कॅनालमध्ये वरचा भाग सरळ झाला की वर्किंग लेंग्थ (फाइल जिथवर न्यायची ती लांबी) थोडी कमी होते. आधी मोजलेली लांबी तशीच धरून चाललात तर फाइल फोरामेनपलीकडे जाते. म्हणून वरचं रुंदीकरण झाल्यावर मोजा आणि शेवटी पुन्हा एकदा मोजा.

रीडिंग स्थिर, पण एक्स-रेशी जुळत नाही

स्क्रीनवरचे १, २, ३ हे आकडे मिलिमीटर नाहीत. '०.५'ची खूण म्हणजे फोरामेनपासून अर्धा मिमी, असंही नाही. मशीनची सगळ्यात भरवशाची खूण 'एपेक्स' किंवा '०.०' ही, म्हणजे फाइलचं टोक पेरिओडॉन्टल लिगामेंटला भिडल्याची. माझी रीत अशी: फाइल हळूहळू त्या खुणेपर्यंत न्यायची, रीडिंग काही सेकंद स्थिर राहिलं की स्टॉपर बसवायचा, फाइल बाहेर काढून मोजपट्टीवर लांबी घ्यायची आणि त्यातून ०.५ ते १ मिमी वजा करायचे. हे तीनदा करायचं. तिन्ही वेळा अर्ध्या मिमीच्या आत जुळलं नाही तर ते रीडिंग मी धरत नाही. स्टॉपर टेकवायची कड मजबूत आणि सपाट हवी. मधल्या काळात ती कड तुटली तर आधीची सगळी मापं बाद.

आता एक्स-रे. मुळाचं टोक आणि फोरामेन एकाच जागी असतात असं आपण सहज धरून चालतो, पण बहुतेक दातांत फोरामेन बाजूला उघडतं. कुटलर यांनी १९५५ मध्ये मुळांच्या टोकांचा बारकाईने अभ्यास केला. त्यात कन्स्ट्रिक्शनपासून फोरामेनपर्यंतचं अंतर तरुण वयात सरासरी ०.५ मिमी आणि उतारवयात ०.६६ मिमीच्या आसपास आढळलं. वय वाढतं तसा टोकाला सिमेंटम (मुळावरचा हाडासारखा थर) साचत जातो, हे त्याचं कारण. फोरामेन गालाच्या किंवा जिभेच्या बाजूला उघडत असेल तर दोन मितींच्या चित्रात ते दिसतच नाही. म्हणून एक्स-रेमध्ये फाइल दीड मिमी 'कमी' दिसली आणि रीडिंग तीनदा जुळलं असेल, तर मी मशीनच्या बाजूने कौल देते. उलट, फाइल एक्स-रेमध्ये मुळाबाहेर निघालेली स्पष्ट दिसत असेल तर मशीन काहीही म्हणो, लांबी कमी करा.

तरीही एक्स-रे सोडायचा नाही. वाकडेपणा, जास्तीचं मूळ, टोकाचं रिसॉर्प्शन (मूळ झिजून विरघळणं) हे मशीन दाखवू शकत नाही. दोघांचं ऐकूनच लांबी ठरवायची.

मशीन खरोखर तपासायचं असेल तर: अल्जिनेटमधला दात

वरचं सगळं करून झालं आणि शंका उरली, तर ही चाचणी करा. अर्धा तास लागतो, पण तिच्या निकालावर शंका राहत नाही.

एक काढलेला, टोक पूर्ण बनलेला, एका सरळ कॅनालचा दात घ्या. ॲक्सेस करा, १५ नंबरची फाइल आत घालून भिंगाखाली तिचं टोक फोरामेनच्या कडेशी बरोबर दिसेल इथवर आणा, स्टॉपर लावून लांबी लिहून ठेवा. मग प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत ताजं अल्जिनेट (दातांचा साचा घ्यायचा पदार्थ) कालवा, दाताचं मूळ त्यात रोवा, बाजूला लिप क्लिप खोचा. कॅनालमध्ये सलाइन सोडून, वरचा भाग टिपून मोजा. अल्जिनेट सुकलं की रोध बदलतो, म्हणून ते ओलं असतानाच काम उरका.

आलेली लांबी डोळ्यांनी मोजलेल्या लांबीच्या अर्ध्या मिमीच्या आत असेल तर मशीन ठीक आहे. तोंडात पुन्हा शोध घ्या. फरक मोठा असेल, किंवा या शांत, गळती नसलेल्या मांडणीतही पट्ट्या नाचत असतील, तर दोष मशीनचा किंवा वायरचा. वायर आणि क्लिप बदलून एकदा पुन्हा करा. काही मशीनसोबत छोटा टेस्टर येतो, तो वायरच्या जागी लावून ठराविक खुणेजवळ पट्टी थांबते का ते पाहतात. तुमच्याकडे असेल तर हीच तपासणी काही सेकंदांत होते.

कुठे थांबायचं

मशीनच्या बाबतीत: नवी वायर, नव्या क्लिप, चांगली बॅटरी असूनही क्लिपची चाचणी नापास होत असेल, टेस्टरवर किंवा अल्जिनेटमध्ये रीडिंग चुकत असेल, मशीनमध्ये द्रव गेलं असेल किंवा बॅटरी फुगली असेल, तर थांबा. मशीन उघडू नका. हे पेशंटच्या शरीराला जोडलं जाणारं विद्युत उपकरण आहे, आणि आतलं कॅलिब्रेशन घरच्या स्क्रूड्रायव्हरने सुधारत नाही. सर्व्हिस सेंटरला पाठवताना वायर आणि क्लिप सोबत द्या, आणि कोणत्या तपासण्या केल्या, प्रत्येकीत काय दिसलं हे कागदावर लिहून द्या. 'चालत नाही' एवढंच लिहून पाठवलेलं मशीन 'दोष आढळला नाही' असा शेरा घेऊन परत येतं.

पेशंटच्या बाबतीत थांबायच्या जागा वेगळ्या आहेत.

चेंबर कोरडा आहे, धातू नाही, भिंत पक्की आहे, आणि तरीही फाइल दोन-तीन मिमी आत जाताच 'एपेक्स' येतं. हे पर्फोरेशन, म्हणजे दाताच्या भिंतीला आरपार पडलेलं भोक, असू शकतं. कोरडा पेपर पॉइंट (कागदाची शोषक काडी) त्या जागी ठेवून बाजूला रक्ताचा डाग दिसतो का ते पाहा, आणि फाइल तिथेच ठेवून कोनातून एक्स-रे घ्या. शंका पक्की होत असेल तर आणखी चाचपडू नका, तिथे हायपोक्लोराइटही सोडू नका. पर्फोरेशन जितकं लवकर बुजवलं जाईल तितकी दात वाचण्याची आशा जास्त, म्हणून त्याच दिवशी एंडोडॉन्टिस्टशी (रूट कॅनालच्या तज्ज्ञाशी) बोला. मुळाला उभी चीर असेल तरही रीडिंग असंच अवेळी उडतं, आणि तिथे दात वाचवायचा की काढायचा हाच प्रश्न उभा राहतो.

लहान मुलांचे टोक न बनलेले कायमचे दात, आणि रिसॉर्प्शनने टोक खाल्लं गेलेले दात: यांत कन्स्ट्रिक्शनच नसतं. रीडिंग कमी येणं इथे अपेक्षितच आहे, मोठी फाइल घेतली तरी ते पुरतं सुधारत नाही. लांबी एक्स-रे आणि पेपर पॉइंटवर ठरवा, आणि अशा केसची सवय नसेल तर आधीच तज्ज्ञाकडे पाठवा.

लेज किंवा कॅल्सिफिकेशनमुळे फाइल पुढे जात नसेल, किंवा कोनातून घेतलेल्या एक्स-रेनंतरही रीडिंगशी दोन मिमीपेक्षा जास्त तफावत राहत असेल, तर मायक्रोस्कोप आणि सीबीसीटी (त्रिमितीय एक्स-रे) हाताशी असलेल्या माणसाचं हे काम आहे. पाठवताना चिठ्ठीत कॅनालनिहाय लिहा: कोणत्या नंबरची फाइल किती मिमीवर अडली, 'एपेक्स' कुठे आलं, संदर्भाची कड कोणती धरली, शेवटचं धुणं कशाने केलं. सोबत फाइल आत असतानाचा एक्स-रे जोडा, आणि कॅनाल पुरता बंद करून, घट्ट तात्पुरतं फिलिंग घालूनच पेशंटला पाठवा.